जुन्या वाड्याचं सागवान मायटर सॉवर कापताना

मराठवाड्यात वाडा पाडला की त्याच्या तुळया, चौकटी, कडीपाटाच्या फळ्या विकायला निघतात. हे सागवान पुरतं मुरलेलं असतं. नव्या दारा-खिडक्यांना यासारखं लाकूड नाही. पण मायटर सॉवर, म्हणजे गोल ब्लेड वरून खाली आणून आडवे आणि तिरके काप घेणाऱ्या मशीनवर, ते घेताना दोन गोष्टी आडव्या येतात: आत राहिलेला खिळा आणि लाकडाला आलेला बाक.

खिळ्याचं डोकं तुटून गेलेलं असलं तरी जागा कळते. लोखंड गंजलं की भोवतालचं सागवान काळं पडतं. असा डाग दिसला की पटाशीने उकरून खिळा काढा, नाहीतर काप दोन-तीन इंच सरकवून घ्या. डाग नसला तरी कापाच्या रेषेवर जोरदार लोहचुंबक फिरवाच. ब्लेडच्या दातांवरची कार्बाइडची टोकं ठिसूळ असतात. खिळा लागला की टोक तुटून उडतं, म्हणून चष्म्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही.

बाकाचं प्रकरण याहून गंभीर आहे. ब्लेड अडकणं, तुकडा झटका खाऊन उडणं, काप वाकडा येणं, या तिन्हींच्या मुळाशी बहुधा एकच चूक सापडते: लाकूड फेन्सला, म्हणजे टेबलाच्या मागच्या उभ्या पट्टीला, टेकलेलं नसतं किंवा टेबलावर बसलेलं नसतं. फळीची फुगीर बाजू फेन्सकडे ठेवा, म्हणजे ब्लेडच्या जागी लाकूड फेन्सला चिकटतं. उलटी ठेवली तर नेमकी तिथेच फट राहते. काप संपत आला की दोन्ही तुकडे त्या फटीकडे ढकलले जातात आणि ब्लेडला चिमटा बसतो. लाकूड पिळलेलं असेल तर आधी रंध्याने एक बाजू आणि एक कड सपाट करून घ्या. तेवढा वेळ नसेल तर खाली पाचर सारून क्लॅम्पने आवळा. नुसत्या हाताच्या दाबावर विसंबू नका.

हात ब्लेडपासून किमान सहा इंच लांब. त्याहून जवळ धरावा लागेल एवढा तुकडा हाताने धरायचाच नाही, क्लॅम्प लावा. हातांची कैची करून दुसऱ्या बाजूने लाकूड धरू नका. एका मापाचे बरेच तुकडे काढताना स्टॉपर (माप ठरवायला लावलेला अडसर) एकाच बाजूला लावा आणि दुसऱ्या बाजूचा तुकडा मोकळा राहू द्या. ब्लेड आणि स्टॉपर यांच्यामध्ये सुटा तुकडा अडकला की तो उडालाच समजा. गळ्यातली दस्ती काढून ठेवा, बाह्या वर सारा. हातमोजेही नकोत, दात मोज्यात अडकला तर हात आत ओढला जातो.

ब्लेड वर असतानाच मशीन सुरू करा, पूर्ण वेग येऊ द्या, मग सावकाश खाली आणा. काप झाला की ब्लेड खालीच धरून स्विच सोडा आणि ते पूर्ण थांबल्यावर वर घ्या. घाईत लोक इथेच चुकतात. फिरतं ब्लेड वर उचललं की त्याचे दात कापलेल्या तुकड्याला उचलून फेकतात. स्लायडिंग मशीन (दांड्यांवर पुढे-मागे सरकणारं) असेल तर आधी डोकं, म्हणजे मोटर-ब्लेडचा भाग, आपल्याकडे ओढा, मग खाली, मग फेन्सकडे ढकला. कापत कापत आपल्याकडे ओढलं तर ब्लेड लाकडावर चढून अंगावर येतं.

शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं, मशीन दमतं आणि कारागीर जास्त रेटा देतो. मोटर जळते ती अशी. वेग पडलेला ऐकू आला की थांबा. १६ अँपिअरचं सॉकेट, अर्थिंग आणि २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. भेंडोळं पूर्ण उलगडून ठेवा, गुंडाळलेली वायर तापते. लाईट गेली तर स्विच सोडा आणि प्लग काढा.

ब्लेड बदलताना आधी प्लग काढायचा. बऱ्याच मशीनवर ब्लेडचा बोल्ट उलट्या आट्यांचा असतो, तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. जोर लावून उलटं फिरवलं तर आटे जातात. दहा इंची ब्लेडचं भोक २५.४ मिमी आहे की ३० मिमी, ते मशीनशी जुळवून घ्या. ब्लेडवर छापलेला आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा. चौकटीच्या कामाला ६० दाती ब्लेड चांगलं, अ‍ॅल्युमिनियमला ८० ते १०० दाती वेगळं ठेवा.

काटकोन तपासताना गुण्या ब्लेडच्या पात्याला लावा, दातांना नाही. दात पात्याहून बाहेर आलेले असतात. मग दोन्ही कडा समांतर असलेली सहा इंच रुंद फळी कापा, एक तुकडा पालथा करा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला लावून काप एकमेकांना भिडवा. अर्ध्या अंशाचा फरक असेल तर एका टोकाला सुमारे २.७ मिमी, म्हणजे जवळजवळ एक सूत फट दिसते, कारण चूक दुप्पट होते. पंचेचाळीसच्या चौकटीत आठ काप असतात. प्रत्येकात अर्धा अंश गेला की शेवटच्या कोपऱ्यात चार अंश उघडे पडतात.

छताची मोल्डिंग आडवी ठेवून कापायची तर काप (टेबल फिरवायचा कोन) आणि ब्लेडचा कल दोन्ही लावावे लागतात. भिंतीशी ४५ अंशांत बसणाऱ्या मोल्डिंगला काप ३५.३ आणि कल ३०; ३८ अंशांच्या मोल्डिंगला काप ३१.६ आणि कल ३३.९. हे आकडे काटकोनी कोपऱ्याचे. मातीच्या भिंतींच्या घरात कोपरा नेमका नव्वदचा क्वचितच मिळतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यांवर कापून कोपऱ्याला लावून बघा. ब्लेड कलवण्याआधी वरची फेन्स बाजूला सारा आणि प्लग काढून डोकं एकदा खालीपर्यंत आणून बघा.

ब्लेडला राळ चिकटली की ते लाकूड जाळतं आणि कापावर काळे पट्टे येतात. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पंधरा मिनिटं भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा, लगेच कोरडं करा. तारेचा ब्रश नको. स्लाइडच्या दांड्यांना ग्रीस लावू नका, भुसा चिकटून तिची लुगदी होते. कोरड्या फडक्याने पुसणं पुरे. खालचा गार्ड (ब्लेड झाकणारं कवच) ब्लेड वर गेलं की आपोआप मिटतो का, हे रोज पाहा. अडकत असेल तर तारेने बांधून काम चालवू नका, भुसा काढा, स्प्रिंग बदला. मोटरचे कार्बन ब्रश झिजून साधारण सहा मिलिमीटर उरले की दोन्ही एकदम बदला. एकच नवा घातला तर स्पार्किंग होऊन आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) खराब होतं.