एकाच मायक्रोफोनसमोर दोघे

पुण्यातल्या एका लहान स्टुडिओत मी गेली सोळा वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम करतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी एक जोडी नऊ वर्षांनी पुन्हा एकत्र गाण्यासाठी आमच्याकडे आली. स्वतः गाणी लिहून ती पदरच्या पैशाने ध्वनिमुद्रित करणाऱ्या या दोघांचे पहिले कामही माझ्याच हातून झाले होते, त्यामुळे दोघांना एका दारातून आत येताना पाहून माझा कंठ दाटून आला. मध्यंतरी काय बिनसले, हे मी विचारले नाही.

सुरुवातीलाच पट्टीचा प्रश्न आला. जुने गाणे काळी पाचमध्ये होते; तिचा आवाज आता अधिक भरदार झाला होता, परंतु वरच्या स्वरांवर ताण जाणवत होता. ती काही बोलली नाही. त्याने मात्र एकदा ऐकले आणि गिटारचा कॅपो, म्हणजे तारा दाबून धरून पट्टी बदलणारा चिमटा, तिसऱ्या फ्रेटवरून पहिल्या फ्रेटवर आणला, म्हणजे गाणे खाली उतरून काळी चारमध्ये आले.

नेहमीच्या पद्धतीप्रमाणे मी दोघांना वेगवेगळ्या बूथमध्ये बसवून, कानांवर हेडफोन आणि त्यात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी यंत्राची टकटक, देऊन दुपारपर्यंत सात टेक घेतले. सूर आणि लय चोख होती, पण पूर्वी अंतऱ्याच्या शेवटी दोघे मिळून किंचित रेंगाळत आणि मग ध्रुवपदावर येत, ते रेंगाळणे क्लिकने पुसून टाकले होते.

जेवणानंतर मी क्लिक बंद केला, दोघांना मोठ्या खोलीत समोरासमोर उभे केले आणि मध्ये एकच मायक्रोफोन ठेवला. पुढून आणि मागून सारखेच टिपणारा, दोन्ही कुशींना मात्र जवळपास बहिरा, असा त्याचा प्रकार असतो. यात जोखीम मोठी होती, कारण दोन्ही आवाज आणि गिटार एकाच ट्रॅकवर येणार होते आणि कोणाचा आवाज किती ठेवायचा, हे नंतर माझ्या हाती उरणार नव्हते. तो तोल त्यांनीच पुढेमागे सरकून सांभाळायचा होता.

पहिल्या टेकमध्ये दोघेही एकमेकांना जागा देण्याच्या नादात मागे गेले आणि गाणे पातळ झाले. तिसऱ्यात तिने वरचा स्वर घेताना अर्धे पाऊल मागे घेतले, त्याच क्षणी तो पुढे झाला, आणि अंतऱ्याच्या शेवटी दोघे पूर्वीसारखेच रेंगाळले. मी काचेपलीकडे श्वास रोखून बसलो होतो.

संध्याकाळी एका छोट्या रंगमंचावर त्यांचा कार्यक्रम होता. तिथेही मी तोच मायक्रोफोन लावला आणि मॉनिटर, म्हणजे गायकांना त्यांचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, बरोबर त्याच्या बहिऱ्या कुशीसमोर ठेवला, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरून शिट्टी येऊ नये. गाणे सुरू होण्यापूर्वी ती माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, मॉनिटर बंद कर. मला हा समोरून ऐकू येतो.”

मी मॉनिटर बंद केला.