तिळ्याचे पाच महिने: बेंगाल मांजर, जुलाब आणि उशिरा केलेली एक टेस्ट

आम्ही इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला राहतो. तिळ्या फेब्रुवारीत घरी आला तेव्हा १४ आठवड्यांचा होता. बेंगाल जातीचा आहे, अंगावर काळे-तपकिरी ठिपके, म्हणून नाव तिळ्या. तिसऱ्या दिवशी त्याला पातळ शी झाली, घर बदललं की होतं असं सगळेच म्हणाले म्हणून आम्हीही तसंच धरलं, आणि ते जुलैपर्यंत चालू राहिलं. हे सगळं लिहितीये कारण ह्या पाच महिन्यांत आम्ही तीन व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर) बघितले, पैसे घातले, पिल्लाला नको ती औषधं दिली, आणि शेवटी जी टेस्ट झाली ती पहिल्या महिन्यातच करता आली असती.

आधी लक्षणं नीट सांगते, कारण आता कळतंय की ती जवळजवळ पुस्तकातल्यासारखी होती. दिवसातून सात-आठ वेळा जायचा, दरवेळी थोडंथोडं, शेणासारखं पातळ, शेवटी आव आणि कधीकधी ताज्या लाल रक्ताचा थेंब. कुंथायचा बिचारा. मागची जागा लाल होऊन सुजलेली, झोपेत नकळत गळायचं, सोफ्यावर डाग पडायचे. वास इतका वाईट की रात्री ट्रेमध्ये गेला की आम्हाला वरच्या खोलीत जाग यायची. पण खाणं एकदम छान, खेळणं छान, पडद्यावर चढणं चालूच. आजारी मांजर असं कुठूनच वाटायचं नाही, आणि त्यामुळेच पहिले काही आठवडे कोणी फार मनावर घेतलं नाही.

पहिल्या व्हेटनी कार्ड बघून विचारलं, बेंगाल का, मग म्हणाल्या की ह्या हायब्रिड मांजरांची पोटं नाजूकच असतात, जंगली रक्त आहे ना, नेहमीचं खाणं मानवत नाही. खाणं बदलायला सांगितलं आणि प्रोबायोटिकची पेस्ट दिली. मी ऐकलं. तेव्हा मला ते पटलंही होतं, खोटं कशाला सांगू. घरी येऊन मी आणि नवऱ्याने कच्च्या मांसापासून टर्कीपर्यंत सगळं वाचून काढलं.

दुसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी विचारलं, कितवी पिढी? मला सांगता येईना, ब्रीडरला मेसेज करून विचारलं तर म्हणाली खूप खालची, जंगली आजी-पणजी कोणीच नाही. ह्या निमित्ताने मी सगळा इतिहास वाचला. बेंगाल म्हणजे पाळीव मांजर आणि आशियाई बिबट मांजर ह्यांचा संकर, तेच बिबट मांजर जे आपल्या सह्याद्रीतही आहे. अमेरिकेत जीन मिल ह्या बाईंनी १९६३ मध्ये असा संकर केला आणि पुढे त्यातून ही जात उभी राहिली. पहिल्या तीन पिढ्या वेगळ्या धरतात, चौथीपासून पुढची मांजरं घरगुतीच मानली जातात. म्हणजे तिळ्याच्या पोटात जंगल वगैरे काही नव्हतं. तरीही त्याच्या फाइलमध्ये पहिल्या ओळीत "हायब्रिड, सेन्सिटिव्ह स्टमक" असं लिहिलेलं होतं आणि ते प्रत्येक व्हिजिटला पहिल्यांदा वाचलं जायचं. जणू निदान झालेलंच आहे.

दुसऱ्या डॉक्टरांनी किमान शी तपासली तरी. जिआर्डिया, म्हणजे आतड्यातला एक परजीवी, पॉझिटिव्ह आला. आम्हाला एवढा आनंद झाला की कारण सापडलं! फेनबेंडाझोल हे जंताचं औषध पाच दिवस दिलं, सगळे ट्रे उकळत्या पाण्याने धुतले, चादरी धुतल्या. थोडाच फरक. परत टेस्ट केली तर जिआर्डिया निगेटिव्ह, जुलाब तसेच. मग मेट्रोनिडाझोल, हे अँटिबायोटिक. त्यावर मात्र खरंच बरं वाटलं, आठवडाभर शी बांधून झाली, मी आईला व्हिडिओ कॉल करून सांगितलं की सुटलो एकदाचे. गोळ्या संपल्या आणि नवव्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं. पुन्हा मेट्रोनिडाझोल, पुन्हा आठवडाभर बरा, पुन्हा तेच. औषध चालू असताना बरा आणि थांबवलं की परत, हीच खरी खूण होती, पण ती वाचणारं कोणी नव्हतं.

इन्शुरन्सचं थोडक्यात सांगते. पॉलिसी तो घरी आला त्याच दिवशी घेतली होती पण आजारपणाला पहिले १४ दिवस कव्हर नसतं, आणि पहिल्या व्हेटच्या नोटमध्ये "घरी आल्यापासून जुलाब" असं लिहिलेलं, त्यामुळे क्लेम नामंजूर. नियमाने बरोबरच असेल. पण पुढचा प्रत्येक खर्च खिशातून, आणि खर्च खिशातून असला की माणूस टेस्ट करायच्या आधी दहा वेळा विचार करतो.

तिसऱ्या ठिकाणी मे महिन्यात गेलो. डॉक्टर तरुण होते, शांतपणे ऐकलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, सगळं ठीक. मग चार आठवडे हायड्रोलाइज्ड खाणं, म्हणजे प्रोटीनचे इतके बारीक तुकडे केलेलं खाणं की अ‍ॅलर्जी येऊ नये. तिळ्याने ते कसंबसं खाल्लं. फरक नाही. जूनच्या शेवटी त्यांनी सांगितलं की आतड्याला सूज असण्याचा आजार असू शकतो, भूल देऊन एन्डोस्कोपी आणि बायोप्सी करू, साधारण १८०० पौंड, किंवा सरळ स्टेरॉइड देऊन बघू. सात महिन्यांच्या पिल्लाला स्टेरॉइड. मी कारमध्ये बसून रडले त्या दिवशी.

त्या रात्री मामाला फोन केला. माझा मामा सातारा जिल्ह्यात गुरांचा डॉक्टर होता, पशुधन विकास अधिकारी म्हणून रिटायर झाला. आयुष्यभर गाई-म्हशी-शेळ्या, मांजर कधी टेबलावर आलं असेल तर शेजाऱ्यांचं. मी रडतरडत सगळं सांगितलं. तो मध्ये काहीच बोलला नाही, शेवटी एवढंच म्हणाला, "अगं, ताजी शी कोणी बघितली का? ताजी म्हणजे गरम, तिथल्या तिथे, मायक्रोस्कोपखाली?"

मी म्हटलं मामा, आम्ही डबीत घालून फ्रिजमध्ये ठेवतो आणि सकाळी नेऊन देतो, तुम्ही काय विचारताय?

"फ्रिजमधलं बघून काय कळणार? आमच्या वेळी वळूची तपासणी करायचो ना, गाई गाभडायच्या, उलटायच्या, तेव्हा वळूच्या इंद्रियाची पिशवी धुऊन ते पाणी गरम असतानाच स्लाइडवर घ्यायचो. ट्रायकोमोनास नावाचा जंतू असला की वळवळताना दिसतो. गार झाला की हलायचा थांबतो, मग समोर असून दिसत नाही. मांजरात होतो का मला माहीत नाही. पण खातंय चांगलं, आव पडतीये, जंताचं औषध लागू पडत नाही आणि मेट्रो दिलं की तेवढ्यापुरतं थांबतंय, म्हणजे काहीतरी वळवळणारं आहे बघ."

फोन ठेवून मी शोधायला बसले आणि पंधरा मिनिटांत अंगावर काटा आला. ट्रायट्रिकोमोनास फीटस. तेच नाव, गाईतलं. मांजरात तो मोठ्या आतड्यात राहतो आणि नेमकं हेच करतो, आव, रक्त, गळणं, वास, आणि मांजर मात्र मजेत. (मांजरातला गाईतल्यापेक्षा जरा वेगळा आहे म्हणून काही शास्त्रज्ञ त्याला वेगळं नावही देतात.) मायक्रोस्कोपखाली जिआर्डिया समजून चूक होते, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. फेनबेंडाझोलने जात नाही, मेट्रोनिडाझोलने फक्त दबतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीच्या जोडी गूकिन आणि त्यांच्या टीमने एका कॅट शोमधल्या ८९ ब्रीडरांच्या ११७ मांजरांची तपासणी केली होती, २००४ मध्ये छापून आली, त्यात ३१ टक्के मांजरांमध्ये हा सापडला. इकडे ब्रिटनमध्येही तो सयामी आणि बेंगालमध्ये जास्त दिसलाय. पण तो पसरतो एकच ट्रे खूप मांजरं वापरतात म्हणून, दाटीवाटीने वाढवतात म्हणून! म्हणजे "बेंगाल आहे म्हणून" ह्या वाक्याचा अर्थ पोट नाजूक असा नव्हताच, ब्रीडरकडे ट्रे सामायिक होता असा होता. पाच महिने सगळे जात बघत बसले आणि पिल्लू कुठून आलं ते कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या डॉक्टरांना फोन केला आणि पीसीआर टेस्ट मागितली, म्हणजे शीमध्ये जंतूचा डीएनए शोधणारी. मी खूप घाबरत बोलले कारण नेटवर वाचून आलेत असं वाटेल म्हणून. ते दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, मी स्वतः ही केस कधी बघितलेली नाही, पण बसतंय, बायोप्सीच्या आधी हे करायलाच हवं, आणि हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्याकडेच राहिले. डॉक्टर मला माहीत नाही म्हणू शकतो हे फार मोठं आहे.

सॅम्पल घेणं हा वेगळाच प्रकार होता आणि ह्यावर कोणीच नीट सांगत नाही म्हणून सविस्तर लिहिते. अँटिबायोटिक बंद होऊन काही दिवस झालेले पाहिजेत, आमचे झाले होते. शी पातळच पाहिजे, बांधलेल्या शीमध्ये सापडायची शक्यता कमी. त्यात लिटरचे, म्हणजे ट्रेमधल्या वाळूचे, कण नकोत. आम्ही आधी रिकामा ट्रे ठेवला, तिळ्या त्यात पाय ठेवेना, बाथमॅटवर जाऊन बसला. मग पाणी न शोषणारे प्लास्टिकचे मणी मिळतात ते आणले, त्यात गेला. मी पहाटे साडेपाचला चमचा आणि डबी घेऊन जिन्यात बसून होते. मामाचं ऐकून एक सॅम्पल गरम असतानाच क्लिनिकला नेलं, क्लिनिक आमच्यापासून सात मिनिटांवर आहे, डॉक्टरांनी सलाइनच्या थेंबात स्लाइड केली. काही दिसलं नाही. माझा चेहरा पडला, पण त्यांनीच सांगितलं की स्लाइडवर बहुतेक वेळा सुटतोच, निगेटिव्ह म्हणजे नाही असं नाही, पीसीआरच खरी. ती लॅबला गेली आणि पाचव्या दिवशी फोन आला. पॉझिटिव्ह. आपल्या मांजराला परजीवी निघाला म्हणून मी किचनमध्ये उभी राहून हसत होते.

औषध एकच, रोनिडाझोल. मांजरांसाठी त्याचं लायसन्स नाही. इकडे कॅस्केड नावाचा नियम आहे, योग्य लायसन्सचं औषध उपलब्ध नसेल तर व्हेट स्वतःच्या जबाबदारीवर दुसरं देऊ शकतो, त्यासाठी आमची सही घेतली. डॉक्टरांनी दुसरा पर्यायही प्रामाणिकपणे समोर ठेवला, की काहीच न करता बरीच मांजरं दोनेक वर्षांत आपोआप सुधारतात, पण जंतू आत राहू शकतो. दोन वर्षं? आम्ही नाही म्हटलं. डोस किलोला ३० मिलिग्रॅम दिवसातून एकदा, १४ दिवस. तिळ्या ३.८ किलोचा, म्हणजे ११४ मिलिग्रॅम, तेवढ्याच्या कॅप्सूल खास बनवून आल्या. पावडर अतिशय कडू असते म्हणून कॅप्सूल फोडायची नाही, आणि हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही कारण माणसाला ते चांगलं नाही. मी कॅप्सूलला किंचित बटर लावायचे, नवरा धरायचा, मागून सिरिंजने थोडं पाणी. ट्रे रोज धुऊन पूर्ण वाळवायचा, हा जंतू ओल्या शीत जगतो, कोरड्यात मरतो.

सहाव्या दिवशी शी बांधून झाली. मी फोटो काढून मामाला पाठवला, त्याने उलट विचारलं, "आव?" नाही म्हटलं. "मग ठीक."

खरी भीती दहाव्या दिवशी. ह्या औषधाने मज्जासंस्थेवर परिणाम होऊ शकतो, सुस्ती, भूक जाणं, चालताना झोकांड्या, थरथर, झटकेसुद्धा, आणि तसं दिसलं तर लगेच थांबवायचं हे आम्हाला लिहून दिलं होतं. त्या दिवशी तिळ्या दुपारभर झोपला आणि खिडकीवर उडी मारताना चुकला. मी तो डोस दिलाच नाही, आधी फोन केला, तासाभरात बोलावलं. डॉक्टरांनी एकेका पंजाची वरची बाजू टेबलाला टेकवून धरली, मांजर पाय लगेच सरळ करतं का बघितलं, जमिनीवर चालवलं, डोळे बघितले. तिळ्याने प्रत्येक वेळी क्षणात पाय सरळ केला आणि तिसऱ्यांदा त्यांच्या हातावर फटका दिला. सगळं नॉर्मल. बाहेर ३१ डिग्री होतं त्या दिवशी, उन्हाने पेंगत होता. संध्याकाळी कॅप्सूल दिली. उरलेले दिवस मी रोज त्याचे पंजे तसेच बघायचे.

कोर्स संपल्यावर दोन आठवड्यांनी पीसीआर निगेटिव्ह. पण हा लपून परत येऊ शकतो म्हणून २० आठवड्यांनी पुन्हा करायला सांगितली होती, ती डिसेंबरमध्ये केली, निगेटिव्ह. आता तो साडेपाच किलोचा आहे आणि साधं दुकानातलं खाणं खातो, नाजूक पोट वगैरे काही नाही. फाइलमधली ती पहिली ओळ मी डॉक्टरांना सांगून बदलून घेतली, आता तिथे परजीवीचं नाव, औषध आणि दोन्ही निगेटिव्हच्या तारखा आहेत.

ब्रीडरला मी पॉझिटिव्ह आल्या दिवशीच कळवलं होतं. आधी रागावली, माझ्याकडे असं काही नाही म्हणाली. मग आठ दिवसांनी तिचाच फोन आला, तिळ्याच्या बहिणीलाही सुरुवातीपासून तसंच होतंय, त्या लोकांना व्हेटनी बायोप्सीची तारीख दिलीये. मी त्यांचा नंबर घेतला आणि त्याच संध्याकाळी त्यांच्याशी तासभर बोलले, मण्यांच्या लिटरपासून सगळं सांगितलं. त्यांनी बायोप्सी पुढे ढकलून आधी पीसीआर केली. पॉझिटिव्ह.