काळी एकमधला पूरिया

जुन्या ध्वनिफितींवरचा आवाज संगणकावर उतरवून जतन करणे हे माझे काम आहे. गेल्या पावसाळ्यात एका दिवंगत ख्यालगायकांच्या कन्या एक स्पूल घेऊन आल्या. 1981 साली पुण्यातल्या एका घरी झालेल्या खासगी मैफलीतला पूरिया राग त्या फितीवर होता; यजमान गेल्यानंतर त्यांच्या मुलाने ती स्पूल या कुटुंबाला आणून दिली होती. त्याच मैफलीची एक प्रत रसिकांमध्ये पूर्वी कॅसेटवरून आणि आता व्हॉट्सॲपवरून फिरते आहे. बाईंना मूळ फितीवरून स्वच्छ ध्वनिमुद्रण तयार करून वडिलांच्या स्मृतिदिनी प्रसिद्ध करायचे होते.

फीत यंत्रावर चढवण्याआधी ती कशाची आहे हे पाहावे लागते. काही पॉलिएस्टर फितींवरचा लेप आपल्या दमट हवेत चिकट होतो आणि तशीच वाजवली तर तो यंत्राच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, सोलून निघतो; अशी फीत 50 ते 55 अंश सेल्सिअसच्या मंद उष्णतेत काही तास ठेवावी लागते. ॲसिटेटच्या फितीला मात्र हीच उष्णता घातक ठरते. ही फीत पॉलिएस्टरची होती आणि शेकल्यावर सुरळीत वाजली.

फिरत्या प्रतीत बुवा पांढरी दोनमध्ये कसे गातात, हे मला पहिल्यापासून खटकत असे, कारण त्यांची पट्टी, म्हणजे हार्मोनियमवरचा त्यांचा षड्ज, काळी एक होती; पांढरी दोन तिच्याहून अर्धा स्वर वर आहे. विजेच्या पुरवठ्याची गुणगुण बहुतेक जुन्या ध्वनिमुद्रणांत उतरते. ती 50 हर्ट्झच्या आसपास हवी, त्या प्रतीत ती 53च्या जवळ होती. त्या काळी पुरवठ्याची वारंवारता स्थिर नसे, म्हणून मी हार्मोनियमचे स्वरही ताडून पाहिले. प्रत अर्ध्या स्वराने चढी, म्हणजे सुमारे सहा टक्के अधिक वेगाने धावत होती. त्या प्रतीतल्या तानांच्या चपळाईचे जे गोडवे जाणकार म्हणवणाऱ्यांनी गायले, त्यातला बराच वाटा वेग चुकलेल्या कॅसेट प्लेअरचा होता. मूळ फितीवरचा पूरिया धीमा, भारदस्त आणि कितीतरी अधिक सुंदर आहे.

संथ लयीतला विलंबित ख्याल संपल्यावर तंबोरे पुन्हा जुळवले जात असताना फितीवर बुवांचा आवाज येतो, “ते मशीन बंद आहे ना?” यजमान उत्तर देतात, “बंद आहे, बुवा. तुम्ही निश्चिंत गा.” फिरत्या प्रतीत हा संवाद नाही. दोन्ही ध्वनिमुद्रणांचे आलेख संगणकावर एकाखाली एक लावले तेव्हा नेमक्या त्या जागी तंबोऱ्याचा नाद तोडून जोडलेला स्पष्ट दिसला. म्हणजे कोणा रसिकाने तो ऐकला, त्याचा अर्थ त्याला कळला, आणि तेवढाच काढून त्याने बाकीचे गाणे वाटले.

बाईंनी तो भाग पुन्हा लावायला सांगितला आणि प्रसिद्धीचे काम तिथेच थांबवले. ही बातमी पसरल्यावर एका संग्राहकांनी मला फोन करून सांगितले, “दोन वाक्यं गाळली तर काय बिघडतं? बुवा आता घरच्यांचे राहिलेले नाहीत.” या हक्काच्या भाषेचा मला मनापासून राग येतो. माझ्या तरुण सहायकाला ती अधिक लवकर खुपली. पंजाबी गायक सिद्धू मूसेवाला यांच्या 29 मे 2022 रोजी झालेल्या हत्येनंतर कुटुंबाने संगीत निर्मात्यांना त्यांची अप्रकाशित गाणी परस्पर बाहेर न काढता वडिलांकडे सोपवण्याचे आवाहन केले होते, याची आठवण त्यानेच करून दिली.

तरीही माझ्यापाशी सरळ उत्तर नाही. सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींनी स्वतःची एकही ध्वनिमुद्रिका निघू दिली नाही. सतारवादक रविशंकरांबरोबरच्या जुगलबंदीतला त्यांचा मांझ खमाज राग आज ऐकू येतो तो खासगी ध्वनिमुद्रणामुळेच, आणि तो ऐकायला मिळाला नसता तर बरे झाले असते, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

प्रसिद्ध करायचेच ठरले तर योग्य पट्टीत आणि तो संवाद जागेवर ठेवूनच करावे, म्हणजे आपण काय ऐकतो आहोत हे ऐकणाऱ्याला कळेल, असे मी बाईंना सुचवले आहे. त्यांचा निर्णय झालेला नाही. तोपर्यंत प्रत मागणाऱ्यांना, अगदी ओळखीच्या गायकांनाही, मी नकार देतो आहे.