राखाडी की मातकट? आईच्या खोलीचा रंग

मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात आईची खोली उत्तरेला. खिडकी एकच, खाली घोटलेली शहाबादी फरशी, भिंती जुन्या पोपटी. "डोळ्यांला शांत वाटंल असा दे," एवढंच आईचं म्हणणं. शेड कार्डं पालथी घालून शेवटी दोन रंग उरले: एक हलका राखाडी आणि दुसराही राखाडीच, पण मातकट छटेचा.

दोन्हींचा एलआरव्ही, म्हणजे भिंत किती उजेड परत फेकते तो ० ते १०० मधला आकडा, साठीच्या आसपास. म्हणजे प्रश्न उजळपणाचा नव्हताच, आत मुरलेल्या छटेचा होता, आणि ती कार्डावरच्या नखाएवढ्या चौकोनात कळत नाही. म्हणून दोन्हींचे छोटे डबे मशीनवर बनवून आणले. पोपटी भिंतीवर थेट पट्टे मारले नाहीत, कारण हिरव्याशेजारी फिका राखाडी गुलाबीकडं झुकल्यासारखा दिसतो. पांढऱ्या कार्डशीटवर दोन-दोन हात मारले, कडेनं चार बोटं कोरी जागा सोडली आणि पुरतं वाळू दिलं. इमल्शन ओलं असताना फिकं दिसतं, वाळलं की गडद होतं.

पेंटर मामा म्हणाले, "ताई, दोन्ही एकच की ओ." शीटा शेजारी-शेजारी धरल्यावर मात्र तेही बघत राहिले. बाहेर आषाढाचं झाकोळलेलं आभाळ, त्यात उत्तरेचा उजेड मुळातच निळसर. राखाडी शीट फरशीजवळ नेली की सरळ निळी पडायची. कपाटामागच्या कोपऱ्यात तर नुसता सिमेंटचा गिलावा वाटायचा. मातकट तिथंच ऊबदार दिसत होता.

रात्री चित्र पालटलं. आईच्या उशाशी २७०० केल्विनचा पिवळा दिवा होता. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळा. त्याच्या उजेडात मातकट रंग पिवळटला आणि राखाडीच जास्त खुलला. माझं मन तिथं खरंच डळमळलं. आईनं सोडवलं: "दिवा बदलता येतोय, खिडकी कुठं बदलणार हाईस?" मातकट ठरला आणि उशाशी ४००० केल्विनचा दिवा आला.

रंगकाम दसऱ्यानंतर, भिंतींची ओल गेल्यावरच काढलं. सगळे डबे एकदमच बनवून घेतले आणि मामांनी ते मोठ्या बादलीत एकत्र केले, म्हणजे डब्या-डब्यातला फरक भिंतीवर उमटत नाही. छत पांढरंच ठेवलं. उरलेल्या डब्यावर शेडचा कोड लिहून तो माळ्यावर टाकलाय. खिडकीखाली पावसाळ्यानंतर हात मारायला लागणारच.