चुंबक नोंदवही: वाकवलेल्या स्टीलने घातलेला घोळ

स्टेनलेस स्टीलच्या सिंकला चुंबक चिकटत नाही, असं मागच्या नोंदीत मी ठासून लिहिलं होतं. आता तेवढं मागे घेतो. सपाट तळाला खरंच चिकटत नाही, पण खोलगट कोपऱ्यापाशी नेला की हलकासा ओढला जातो. पत्रा तोच, सिंक तेच!

इतकी बारीक ओढ बोटांना नीट कळत नाही, म्हणून नियोडिमियम या जोरदार चुंबकाची १० मिमीची चकती हातभर दोऱ्याला टांगली आणि वस्तू बाजूने तिच्याजवळ नेत गेलो. चकती केसभर सरकली तरी दिसते. फ्रिजवरच्या शोभेच्या चुंबकाने हे होणार नाही, त्यात तेवढा दम नसतो.

मग ३०४ दर्जाच्या स्टेनलेस पत्र्याची एक पट्टी घेतली. सपाट असताना चकती ढिम्म. पकडीत धरून पट्टी दहा-बारा वेळा उलटसुलट वाकवली, आणि चकती नेमकी त्या वळीकडे झुकली. आधी वाटलं, पकडीच्या लोखंडाचे कण लागले असतील. पॉलिश पेपरने घासून पाहिलं (कानस मुद्दाम टाळली, तीही पोलादीच). ओढ कायम.

कारण अणूंच्या मांडणीत आहे. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, उरलेलं बहुतेक लोखंडच. लोखंडाच्या अणूत जोडी न जमलेले इलेक्ट्रॉन असतात, म्हणजे प्रत्येक अणू एक चिमुकला चुंबकच. साध्या लोखंडात शेजारचे अणू एका दिशेला तोंड करून उभे राहतात. निकेलमुळे स्फटिकाची रचनाच बदलते आणि त्या रचनेत ही एकजूट टिकत नाही. गंमत अशी की निकेल स्वतः चुंबकाला चिकटतं! थंड धातू वाकवला किंवा ताणला की काही भागातली रचना पुन्हा बदलते, तिला मार्टेन्साइट म्हणतात, आणि ती चुंबकाला ओळखते. सिंकचे कोपरे साच्यात दाबून ताणलेले असतात, तिथे हेच झालेलं असणार.

तेव्हा 'चिकटलं, म्हणजे स्टेनलेस नकली' हा समज सोडा. ४३० दर्जात निकेल जवळपास नसतंच, तो सरळ चिकटतो आणि तरीही स्टेनलेसच असतो.

बाकीचं थोडक्यात. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम: चकती जागची हलली नाही. पेन्सिल सेल चिकटतो, कारण त्याचं कवच पोलादी. पत्र्याचा डबाही चिकटतो. त्यावरचा कथलाचा मुलामा चिकटणारा नव्हे, आतलं पोलाद चिकटतं.

ॲल्युमिनियमच्या तिरक्या पाटावरून मात्र चकती रेंगाळत घसरते. चिकटत नाही, तरी अडते. सरकत्या चुंबकामुळे धातूत विजेचे गोल फिरणारे प्रवाह (भोवरे प्रवाह) उठतात, ते तिला मागे खेचतात. पुढच्या वेळी पाटाची जाडी बदलून वेळ मोजेन. स्टॉपवॉचने जमत नाहीये, मोबाइलचा स्लो मोशन लावावा लागेल.