पेशंट झोपलाय की गुंगलाय?

"ताई, रोज शंभर प्रश्न सोडवते, तरी केस स्टडी आली की मार्क जातात. क्लिनिकल जजमेंटची प्रॅक्टिस नेमकी करायची कशी?" एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेत नर्सच्या लायसन्ससाठी द्यावी लागणारी परीक्षा, तिची तयारी करणाऱ्या मुली मला हे इतक्यांदा विचारतात, की म्हटलं आता एकदाच नीट लिहून काढावं.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचं रूप बदललं. कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५० प्रश्न, वेळ पाच तास. केस स्टडीत एकाच पेशंटवर सहा प्रश्न येतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो: काय खटकतंय, त्याचा अर्थ काय, त्यातलं सगळ्यात घातक काय, काय काय करता येईल, आधी काय करायचं, आणि केल्यावर फरक पडला का. क्लिनिकल जजमेंट म्हणतात ते हेच. नाइट ड्युटीला आपण हे सगळं करतच असतो, फक्त त्याला कुणी नावं दिलेली नसतात.

मग शंभर प्रश्न सोडवूनही चुकतं का? चार पर्याय समोर दिसले की आपण त्यात ओळखीचा चेहरा शोधायला लागतो. पेशंटकडे बघायचं राहूनच जातं. माझ्या एका क्लासमध्ये तर 'हा शब्द दिसला की हे उत्तर' अशी यादीच पाठ करून घेत. ती मला अजून पाठ आहे. उपयोग शून्य.

सराव परीक्षेत मला आलेली एक केस सांगते. पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट, दुखणं कमी करायला मॉर्फिनचा पंप चालू, नाकातून दोन लिटर ऑक्सिजन. दहा वाजता श्वास मिनिटाला १६, बाराला १२, दोनला ९. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ९७, ९६, ९५ टक्के. वेदना दहापैकी ७ वरून २ वर आलेल्या. पोटॅशियम ३.४, म्हणजे किंचित कमी, ड्रेसिंगवर छोटासा डाग. आणि सिस्टरच्या नोटमध्ये एक ओळ: हाक मारली की डोळे उघडतो, पण बोलता बोलता मध्येच पुन्हा झोपतो.

काय खटकतंय, या प्रश्नाला मी पोटॅशियम आणि डाग निवडले. सॅच्युरेशन चांगलं, दुखणं कमी झालंय, झोपू दे बिचाऱ्याला! उत्तर वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. ऑक्सिजन चालू असला की श्वास मंदावला तरी सॅच्युरेशनचा आकडा बराच वेळ छान दिसत राहतो. आत कार्बन डायऑक्साइड साठत असतो, तो बोटाला लावलेल्या प्रोबला दिसत नाही. मॉर्फिन जास्त झालं की बहुतेक वेळा आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो, आणि सॅच्युरेशन सगळ्यात उशिरा पडतं. मी नेमका तोच आकडा धरून बसले होते. बोलता बोलता झोपणारा माणूस माझ्या नजरेतूनच सुटला.

त्या दिवसापासून मी पर्याय झाकायला लागले. औषधाच्या खोक्याचा एक पुठ्ठा होता, तो स्क्रीनवर धरायचा. केस वाचायची आणि वहीत लिहायचं: काय खटकलं, कशामुळे असेल, आणि ते नसेल तर दुसरं काय असेल. त्याखाली आणखी एक ओळ, जी लिहायचा सगळ्यांना कंटाळा येतो: माझं बरोबर असेल तर पुढच्या नोंदीत काय दिसायला हवं? पुठ्ठा काढायचा तो यानंतर. उत्तर बरोबर आलं पण वहीतलं कारण वेगळं निघालं, तर मी ते चूकच धरायची.

'आधी काय करायचं' यात आपल्या मुली हमखास एकच उत्तर देतात: डॉक्टरांना कळवा. सवय आहे आपली. पण वरच्या पेशंटला आधी हलवून जागं करायचं, श्वास घ्यायला लावायचा, पंप थांबवायचा. मदत बोलवायचीच, पण हात पेशंटवर ठेवून. ऑर्डर असेल तर नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनचा असर उतरवणारं औषध. आणि शेवटचा प्रश्न इथेच गाठतो: श्वास १४ झाला, पेशंट बोलायला लागला, म्हणजे झालं का? नाही. नॅलोक्सोनचा असर मॉर्फिनच्या आधी उतरू शकतो, पेशंट पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. त्यामुळे 'दर चार तासांनी तपासणी' हा पर्याय कितीही सभ्य दिसला तरी सोडायचा.

गुणांचंही एक लक्षात ठेवा. 'लागू असतील ते सगळे निवडा' या प्रकारात बरोबर खुणेला एक गुण मिळतो, चुकीच्या खुणेचा एक कापला जातो. बेरीज शून्याखाली जात नाही, एवढीच काय ती दया. 'असू दे हेही' म्हणून केलेली टिक तिथे महागात पडते. मात्र एका प्रश्नात चुकलात म्हणून पुढचे पाच बुडत नाहीत, प्रत्येकाचे गुण वेगळे. मागे जाता येत नाही, तेव्हा हळहळत बसू नका.

दिवसाला किती केस, असं विचाराल तर दोन. तिसरी मी कित्येकदा करून पाहिली. तोवर पुठ्ठा कधी बाजूला सरकलेला असायचा, ते माझं मलाच कळायचं नाही.