इंटरनॅशनल फॉल्सची हिवाळी फेरी आणि पिकअपचं हाय आयडल

अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या हद्दीला खेटून इंटरनॅशनल फॉल्स हे गाव आहे. ‘देशाचा आइसबॉक्स’ ही उपाधी या गावाने चक्क ट्रेडमार्क करून घेतलीय. शेजारीच व्हॉयजर्स नॅशनल पार्क, आणि थंडी नीट पडली की तिथल्या गोठलेल्या रेनी लेकवर पार्कवाले गाड्यांसाठी बर्फाचा रस्ता आखतात. यंदा जानेवारीत मी आणि माझा मेहुणा तिकडे जाऊन आलो. गाडी 2006 ची फोर्ड एफ-250, सहा लिटरची डिझेल. निघण्याआधी तिला हाय आयडलचं, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचा वेग वाढवून ठेवणारं बटण बसवलं होतं. आल्यापासून ओळखीतले पिकअपवाले रस्त्याबद्दल कमी आणि बटणाबद्दलच जास्त विचारतायत, म्हणून दोन्ही एकदमच लिहून टाकतो.

(पिकअप खरं तर कमिन्सवालीच घ्यायची होती. कोथरूडला वाढलेल्या माणसाने डिझेल म्हटलं की कमिन्स म्हणायचं असतं. किर्लोस्कर कमिन्स (आताची कमिन्स इंडिया) 1962 पासून तिथे आहे. पण फोर्ड चांगल्या किमतीत मिळाली, मग निष्ठा जरा बाजूला ठेवली.)

आधी हे लागतं कशाला ते बघू. उभ्या गाडीत डिझेल इंजिन साडेसहाशे-सातशे आरपीएमवर चालतं. कडाक्याच्या थंडीत तेवढ्यावर ते गरम होतच नाही. उलट हायवेवरून गरम होऊन आलेलं इंजिन नुसतं उभं ठेवलं तर थंड होत जातं. सिलिंडर गार पडला की डिझेल पुरतं जळत नाही, काजळी धरते, आणि न जळलेलं डिझेल भिंतींवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. दुसरी गोष्ट व्होल्टेजची. या इंजिनात इंजेक्टर चालतात ते ऑइलच्या दाबावर, आणि त्यांना 48 व्होल्ट पुरवणारा वेगळा मॉड्यूल असतो. थंडीत ऑइल घट्ट, दोन्ही बॅटऱ्या अर्धमेल्या, त्यात सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग सुरुवातीला भरपूर करंट ओढतात. व्होल्टेज पडलं की तो मॉड्यूल ताणाखाली येतो. आरपीएम बाराशेच्या आसपास नेलं की अल्टरनेटर बॅटऱ्या नीट भरायला लागतो आणि सिलिंडरही गरम राहतात.

थंडीत हे इंजिन आपण होऊनही आयडल वाढवतं, पण ते त्याच्या मर्जीने. इंजिन जरा गरम झालं की सोडून देतं. तुम्हाला तासभर थांबायचंय, आत पंखा, दिवे, इन्व्हर्टर चालू आहेत, हे त्याला काय माहीत. बटण त्यासाठी.

आता बसवण्याचं. 2005 पासूनच्या सुपर ड्यूटीच्या (एफ-250 याच मालिकेतली) कॉम्प्युटरमध्ये ही सोय मुळातच आहे, फक्त तारा जोडलेल्या नसतात. स्टिअरिंगच्या डावीकडे, डॅशखाली, पार्किंग ब्रेकच्या पेडलच्या वर हात घालून चाचपलं की टेपने गुंडाळलेली, टोकं कापलेली तारांची गुंडाळी हाताला लागते. बहुतेक लोकांनी ती कधी पाहिलेलीही नसते. मागणीच्या तारेला बटणातून 12 व्होल्ट मिळाले की आयडल वाढतो. किती वाढवायचा ते दोन तारांमध्ये लावलेल्या रेझिस्टरच्या ओहमवर ठरतं. तारांचे रंग आणि ओहमचा तक्ता फोर्डच्या ‘बॉडी बिल्डर्स लेआउट बुक’मध्ये आहे, ते पुस्तक फुकट मिळतं. मी इथे रंग मुद्दाम देत नाही, कारण वर्षागणिक ते बदलतात. आपल्याच वर्षाचं पान काढा. दुसऱ्याच्या गाडीचा फोटो बघून जोडणी करू नका.

डॅशवर कंपनीची चार अपफिटर (जादा उपकरणांसाठीची) बटणं असतील तर त्यातलं लहान फ्यूजचं एक वापरा, करंट नगण्य लागतो. नसतील तर साधं टॉगल बटण, लाइनमध्ये छोटा फ्यूज. काम करताना दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह काढा; एकच काढला तर तारेत वीज राहतेच. सांध्यावर आतून गोंद असलेलं हीट श्रिंक (तापवलं की आवळणारी नळी) चढवा. सगळं मिळून शनिवारच्या दुपारचं काम, त्यातला अर्धा वेळ मान वाकडी करून डॅशखाली पडण्यात जातो.

ओबीडी पोर्टला (डॅशखालच्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचे तयार मॉड्यूलही मिळतात. ज्यांना तारांना हात लावायचा नाही त्यांच्यासाठी ठीक, पण जी सोय गाडीत आहेच तिच्यासाठी एवढे पैसे टाकणं मला पटत नाही. आणि सीट आणि ॲक्सिलरेटरमध्ये काठी अडकवणारे महाभागही पाहिलेत. ते मात्र कृपा करून नको. काठीला गाडी गिअरमध्ये पडलीय हे कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं.

कॉम्प्युटरच्या अटी अशा: गिअर पार्कमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हीवरून पाय काढलेला, ब्रेकचे दिवे धड चालू. यातलं काहीही मोडलं की आरपीएम लगेच खाली. जोडणी बरोबर असूनही बटण चालेना तर आधी मागे जाऊन ब्रेकचे बल्ब बघा.

यातली पार्किंग ब्रेकची अट उत्तरेत नडते, आणि हे मला कुठे लिहिलेलं सापडलं नाही. ओल्या बर्फातून आल्यावर तसाच पार्किंग ब्रेक लावून इंजिन बंद केलं तर सकाळी तो गोठून चिकटलेला असू शकतो. थांबायच्या आधी शेवटच्या मैलात ब्रेक दोन-चारदा हलके दाबून सुकवा, हाय आयडल चालू असेपर्यंतच पार्किंग ब्रेक ठेवा, आणि इंजिन बंद करण्याआधी सोडून द्या. रात्री नुसतं पार्क, सपाट जागेवर.

ज्यांच्याकडे 2013 नंतरची कमिन्सवाली ऑटोमॅटिक रॅम आहे त्यांनी काहीच बसवायचं नाही. पार्कमध्ये पार्किंग ब्रेक लावून क्रूझ कंट्रोल ऑन करा, सेट दाबा, आरपीएम 1,100 ला जातं. वाढवायचं बटण धरून ठेवलं तर साधारण 1,500 पर्यंत. पण या नव्या गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळीचा फिल्टर असतो आणि तासन्‌तास उभं राहणं त्याला मानवत नाही, हाय आयडल असला तरी. शिवाय त्यांचं डीईएफ (एक्झॉस्टचा धूर साफ करणारं द्रव) उणे 11 सेल्सियसला गोठतं. टाकीला हीटर असतो, त्यामुळे घाबरायचं नाही, पण त्याची जादा बाटली पिकअपच्या मागे टाकू नका, आत घ्या.

रस्ता. मिनियापोलिसहून साधारण 300 मैल. आय-35 ने क्लोकेपर्यंत, तिथून 33 नंबरने डलूथ टाळून यूएस-53 गाठायचा, मग सरळ उत्तर. व्हर्जिनिया नावाच्या गावाजवळ लोखंडाच्या जुन्या खाणीवरचा उंच पूल लागतो, 2017 मध्ये खुला झालेला, राज्यातला सर्वांत उंच. तिथून ईशान्येला टॉवर नावाचं गाव आहे, जिथे 2 फेब्रुवारी 1996 ला उणे 60 फॅरनहाइट, म्हणजे उणे 51 सेल्सियस नोंदलं गेलं. राज्याचा विक्रम तोच. आम्हाला उणे तिशीच्या आसपास मिळालं आणि तेवढं पुष्कळ झालं.

डिझेल व्हर्जिनियात भरा. घरून टाकी फुल करून निघू नका. उत्तरेकडचे पंपवाले तिथल्या थंडीप्रमाणे नंबर एकचं (थंडीत लवकर न गोठणारं) डिझेल मिसळून विकतात. शहरातलं डिझेल तिकडे मेण धरू शकतं. मिनेसोटात उन्हाळ्यात वीस टक्के बायोडिझेल असतं, हिवाळ्यात पाच, तेव्हा सप्टेंबरची उरलेली टाकी घेऊन जानेवारीत जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण. गोठू नये म्हणूनचं औषध डिझेल भरण्याआधी टाकीत ओता, म्हणजे ढवळून मिसळतं. दोन्ही फ्यूएल फिल्टर जवळ ठेवा, एक इंजिनवरचा, एक चॅसिसवरचा. लाल रंगाचं डिझेल रस्त्यावर चालवायला बंदी आहे, स्वस्त दिसलं तरी त्या पंपाकडे बघू नका. वाटेतल्या ऑर गावाच्या पुढे वस्ती आणि मोबाइलची रेंज दोन्ही विरळ. निघताना 511 या माहितीसेवेवर रस्त्याची स्थिती बघून घ्या.

रेनी लेकचं व्हिजिटर सेंटर गावापासून पूर्वेला साधारण 12 मैलांवर. बर्फाच्या रस्त्याच्या तोंडाशी वजनाची मर्यादा लिहिलेली असते, आणि इथे डिझेल पिकअपवाल्यांनी थांबून वाचायचं. आमची गाडी रिकामीच सात हजार पौंडांच्या घरात, वर माणसं आणि सामान. आम्ही ती किनाऱ्यावरच लावली आणि बर्फावर चालत गेलो. राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या तक्त्याप्रमाणे पायी चालायला 4 इंच बर्फ पुरतं, लहान मोटारीला 9-10, अवजड पिकअपला 16-17. हलक्या गाडीने जाणार असाल तर बर्फावर सीटबेल्ट सोडून, काचा खाली करून, हळू चालवायचं असतं. उणे तीसला काचा खाली!

परत आल्यावर मेहुणा पुढे बसून होता, मी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी साचलेला बर्फ पायाने काढत होतो. (हे दर वेळी करा. तोंड बुजलं तर धूर केबिनमध्ये येतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जवळ ठेवा आणि चालू गाडीत झोपू नका.) इन्व्हर्टरवर चहाची किटली लावलेली, आरपीएम बाराशेवर, व्होल्टमीटर चौदाच्या आसपास. एवढ्यात आवाज एकदम पडला.

“दाजी, बंद पडली की काय?”

“ब्रेकवर पाय आहे का तुझा?”

“चुकून लागला हो.”

पाय काढून बटण बंद करून पुन्हा चालू केलं, आरपीएम परत वर. तेवढ्या वेळात काटा बारा-साडेबारावर आलेला दिसला आणि किटलीचा सूर बदलला. साताऱ्याहून पहिल्यांदाच आलेला मेहुणा त्यानंतर दोन्ही पाय सीटवर मांडी घालूनच बसला.

मुक्कामाचं ठरवताना मोटेलला आधी फोन करून विचारा की पार्किंगमध्ये प्लग आहे का. तिकडच्या बऱ्याच ठिकाणी असतो. हाय आयडल गरम ठेवायला चांगला, पण गार पडलेलं इंजिन सकाळी सुरू करणं हे ब्लॉक हीटरचंच काम. माझा 1,000 वॉटचा आहे, म्हणजे आठेक अँपियर. 12 किंवा 14 गेजची बाहेर वापरायची एक्स्टेंशन वायर घ्या. निघायच्या तीन-चार तास आधी टायमरने लागला तरी पुरतो. दक्षिणेतल्या राज्यांतून आलेल्या जुन्या गाड्यांत हीटर असतो पण त्याची वायर नसते, तेव्हा बंपरखाली प्लग दिसला नाही म्हणून हीटरच नाही असं समजू नका. आणि ऑइल 15डब्ल्यू-40 असेल तर निघण्याआधी 5डब्ल्यू-40 सिंथेटिक घाला, ऑइलवर इंजेक्टर चालणाऱ्या या इंजिनात फरक पहिल्या सेल्फलाच ऐकू येतो.

जानेवारीत गावात ‘आइसबॉक्स डेज’ असतात, गोठलेल्या टर्कीने बोलिंग वगैरे खेळतात. बघण्यासारखं आहे, पण त्या आठवड्यात खोल्या लवकर भरतात, प्लगवाल्या तर सर्वांत आधी. शहरात परतल्यावर दोन गोष्टी: मिनियापोलिसमध्ये उभी गाडी चालू ठेवण्यावर मर्यादा आहे, तिथे हाय आयडलची हौस करू नका, आणि रस्त्याचं मीठ खालून धुवायचं असेल तर पारा शून्याच्या वर जाईपर्यंत थांबा, नाहीतर दारांची कुलपं गोठतील.